पहाटेची दुचाकी आणि वाऱ्याची थंडी

मार्गशीर्ष सरत आला की नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्याचे नाव वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात आज पारा किती उतरला, त्याची चौकट छापून येते. पाच-सहा अंशांची नोंद तेथे नवलाची राहिलेली नाही. २०१८ च्या डिसेंबरअखेर तर पारा दोन अंशांच्याही खाली गेला होता. अशा दिवसांत मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकातून विहिरीचे कोमट पाणी सोडतात. मण्यामण्याला असे जपणाऱ्या याच पट्ट्यातून, त्याच पहाटे, कितीतरी तरुण व्यापारी, गुमास्ते आणि दुकानातील मुले एक स्वेटर व एक कानटोपी एवढ्या भांडवलावर मोटारसायकलीने लासलगावच्या, पिंपळगाव बसवंतच्या किंवा नाशिकच्या वाटेला लागलेली असतात.

आपली बहुतेक घरे व्यापारातली. कोणाची आडत आहे, कोणाचे किराणा वा कापडाचे दुकान, कोणाचे औषधांचे. घरात मोटार असली तरी सकाळची धावपळ दुचाकीवरच होते. अरुंद पेठेत तीच शिरते आणि तीच परवडते. या प्रवासातली थंडी आपण सहसा सोसण्याची गोष्ट मानतो. ‘जवान पोरगा आहे, त्याला काय होतंय’ हे वाक्य घराघरांत ऐकू येते. परंतु हा प्रश्न सहनशक्तीपुरता नाही. ब्रेकच्या दांडीवर ठेवलेली चार बोटे वेळेवर मिटतात की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि तो जवान पोरालाही तितकाच लागू आहे.

आधी थंडी दुचाकीवर एवढी का बोचते ते पाहू. आपल्या अंगाभोवती शरीरानेच तापवलेल्या हवेचा एक पातळ पापुद्रा असतो. स्थिर हवेत तो टिकतो आणि पांघरुणाचे काम करतो. वारा तो पापुद्रा सतत खरवडून नेतो. शरीर नवा तयार करते, वारा तोही नेतो. या झिजेचे मोजमाप प्रथम अंटार्क्टिकात झाले. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी प्लॅस्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते उघड्या वाऱ्यात टांगले आणि ते गोठण्यास किती वेळ लागतो याच्या नोंदी केल्या. १९४५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांच्या हवामान खात्यांनी नवे सूत्र स्वीकारले. ते पायी चालणाऱ्या माणसाच्या उघड्या चेहऱ्यासाठी बांधलेले असले, तरी अंदाजापुरते आपल्यालाही उपयोगी पडते.

त्या सूत्राप्रमाणे हवा १० अंशांची असून वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असेल, तर उघड्या कातडीला ती सुमारे ५ अंशांची वाटते. हवा ५ अंशांची असेल, तर शून्याखाली २ अंशांसारखी. झाडाचे पानही हलत नसले, तरी साठच्या वेगाने जाणारा मोटारसायकलस्वार स्वतःपुरते वादळ बरोबर घेऊनच चाललेला असतो. अर्थात वाऱ्याने हवेचे प्रत्यक्ष तापमान उतरत नाही. त्यामुळे बर्फाळ प्रदेशात बोटे गोठून काळी पडतात तसे आपल्याकडे होणार नाही. मात्र अंगातली ऊब बाहेर पडण्याचा वेग वाढतो, आणि चाळीसेक किलोमीटरच्या वाटेवर तेवढे पुरेसे असते.

येथे एक गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘गाडी हळू चालव म्हणजे थंडी वाजणार नाही’ असे वडीलधारी माणसे सांगतात. पाच अंशांच्या हवेत वेग ६० वरून ४० वर आणला, तर जाणवणारे तापमान जेमतेम एका अंशाने सुधारते. पापुद्र्याचे बरेचसे नुकसान पहिल्या वीस किलोमीटरच्या वेगातच झालेले असते. हळू चालवावेच, पण ते ब्रेक लागण्याच्या अंतरासाठी. उबेसाठी वारा अडवण्यावाचून दुसरा मार्ग नाही.

आता बोटांकडे वळू. अंगातली उष्णता कमी होऊ लागली की शरीर पक्क्या हिशेबी व्यापाऱ्याप्रमाणे वागते. मूळ भांडवल, म्हणजे हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब राखण्यासाठी ते हातापायांच्या कातडीकडचा रक्तपुरवठा आखडते. म्हणून बोटे आधी गार पडतात. बोटांच्या कातडीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास आले की त्यांची चपळाई उणावू लागते. त्याहून खाली गेले की स्पर्शच बोथट होतो. क्लच सुटला की नाही, ब्रेक किती दाबला गेला, हे हाताला कळेनासे होते. ताशी ६० च्या वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. बोटे मिटायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर आठ मीटरांहून अधिक अंतर ब्रेक लागण्यापूर्वीच संपलेले असते. पहाटेच्या अंधारात मागचा दिवा नसलेली उसाची बैलगाडी किंवा कांद्याचा ट्रॅक्टर समोर आला, तर हेच आठ मीटर निर्णायक ठरतात.

बोटांच्या पाठोपाठ बुद्धीही मंदावते, आणि ती मंदावल्याचे चालवणाऱ्याला उमगत नाही. वळण घेऊन झाले तरी दिशादर्शक दिवा लुकलुकत राहणे, खांदे कानांशी येऊन ताठणे, हँडल गच्च आवळले जाणे, समोरच्या पट्ट्याखेरीज आजूबाजूचे न दिसणे, ही लक्षणे ओळखावीत. हुडहुडी भरली तर गाडी बाजूला घ्यावी. ऊब आलेली नसताना हुडहुडी आपोआप थांबली, तर ती अधिक चिंतेची खूण होय. त्या माणसाला पुन्हा गाडीवर बसू देऊ नये. थांबल्यावर हात खांद्यापासून गोल गोल जोराने फिरवावेत. असे पंचवीस-तीस फेरे झाले की रक्त बोटांच्या टोकांपर्यंत ढकलले जाते. रस्त्याने जाणारे हसतील, हसू द्यावे.

वारा अडवायचा म्हणजे काय, हे समजले की पोशाखाचा निम्मा गोंधळ मिटतो. आजीने किंवा आईने विणलेला लोकरी स्वेटर उबदार असतो, यात शंका नाही. पण त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. तो सर्वांत वर घातला तर मोटारसायकलीवर त्याचा उपयोग फार थोडा. त्याच्यावर वारा न शिरू देणारे पातळसे आवरण आले की तोच स्वेटर कामाला लागतो, कारण विणीत अडकलेली हवा आता तेथेच राहते. असे आवरण बहुतेक घरांत आधीपासून असते: आश्विनात घडी करून माळ्यावर टाकलेला पावसाळी रेनकोट. त्याचा सदरा आणि विजार दोन्ही चढवावीत. गुडघे गाडीच्या सगळ्यात पुढे असतात आणि त्यांच्यावर मांसाचे आवरण फारसे नसते. नुसत्या सुती पँटवर निघणाऱ्याचे गुडघे चाळिशीनंतर तक्रार करू लागतात ते उगीच नव्हे. स्कूटरला पुढे पत्रा असल्याने पाय बऱ्यापैकी झाकले जातात. या एका बाबतीत ती मोटारसायकलीपेक्षा सरस आहे.

रेनकोटही जवळ नसला, तर जुने वर्तमानपत्र छातीवर, स्वेटरच्या आत पसरावे. सायकल शर्यतींतले खेळाडू घाट उतरताना हीच युक्ती करीत आले आहेत. दुकानात रद्दीला काय तोटा! जाकीट उलटे, म्हणजे चेन पाठीकडे येईल असे घालण्याची खेड्यापाड्यांतली पद्धत याच विचारातून आलेली आहे. वारा ती अडवते खरी. पण अशा जाकिटात खांदे जखडतात आणि प्रसंगी ते एकट्याला झटकन काढता येत नाही. चेनीमागे रुंद पट्टी असलेले जाकीट घेतले की या कसरतीची गरज उरत नाही.

सर्वांत आतल्या कपड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. गोदामात पोती मोजून, थोडीफार उचलाउचल करून अंग घामेजते आणि मग लगेच गाडीवर बसायचे असते. सुती बनियन तो घाम धरून ठेवते, आणि ओले कापड अंगाची ऊब झपाट्याने ओढून घेते. खेळाडू वापरतात तसा पॉलिएस्टरचा अंगाबरोबर बसणारा सदरा आत असावा, नाहीतर एक कोरडे बनियन डिकीत ठेवून निघण्यापूर्वी बदलावे. मात्र ‘जितके जास्त तितके बरे’ हा न्याय येथे चालत नाही. घट्ट बुटात मोज्यांचे दोन जोड कोंबले की रक्ताचा प्रवाहही आवळला जातो आणि ऊब धरणारी हवाही उरत नाही. पाय एका मोज्यापेक्षा अधिक गार पडतात.

हातमोज्यांना हाच नियम. बोटांच्या टोकाशी किंचित मोकळी जागा हवी. दुकानातच ते घालून एखाद्या गाडीचा क्लच व ब्रेक दाबून पाहावा. दांडीचा स्पर्श कळत नसेल, तर मोजे कितीही जाड असोत, परत ठेवावेत. मनगटाची पट्टी जाकिटाच्या बाहीवर किंवा बाहीखाली नीट बसली पाहिजे, कारण वारा बाहीतून थेट काखेपर्यंत जातो. मोजे स्वतः उष्णता निर्माण करीत नाहीत, असलेली राखतात. म्हणून ते घरातच, हात उबदार असताना घालावेत. फाटकापर्यंत गाडी उघड्या हाताने ढकलत न्यायची आणि बोटे बधिरली की मोजे शोधायचे, ही आपली सवय उफराटी आहे. उत्तर भारतात हिवाळ्यात हँडलच्या दोन्ही मुठींवर पिशवीसारखी आवरणे बसवतात. दिसायला ती बेढब, पण हातमोज्यांच्या वर त्यांच्याइतका उपाय नाही. हात चटकन आत-बाहेर करता येतो आणि आतली सर्व बटणे बोटांना सापडतात, याची खात्री गाडी उभी असताना करून घ्यावी.

येथे आपल्या घरांपुढे चामड्याचा प्रश्न येतो. मोटारसायकलीचे जाकीट म्हटले की दुकानदार प्रथम चामड्याचेच दाखवतो, आणि ‘याच्याविना थंडी अडणार नाही’ असे वर सांगतो. हे खरे नाही. चामडे वारा अडवते, पण आत अस्तर नसेल तर त्याची स्वतःची ऊब बेताचीच, आणि भिजले की ते जड होऊन लवकर वाळत नाही. घसरून पडल्यास घर्षण सोसण्याची त्याची शक्ती मोठी आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. परंतु जाड नायलॉनच्या कापडात कोपर, खांदे व पाठीशी संरक्षक गाद्या बसवलेली जाकिटे आपल्या रस्त्यांवरच्या वेगाला चांगले संरक्षण देतात आणि वाराही थोपवतात. तेव्हा अहिंसेसाठी उबेचा त्याग करावा लागतो, असे मुळीच नाही. पाहायचे ते बारकाईने. हातमोजे कापडी म्हणून विकले जातात आणि तळहाताला बकऱ्याच्या चामड्याचा तुकडा असतो. फुगीर, हलक्या जाकिटांत पुष्कळदा बदकाची किंवा हंसाची पिसे भरलेली असतात. आतली चिठ्ठी वाचून पॉलिएस्टरचा भराव असलेले घ्यावे. ते ओले झाले तरी बरीच ऊब राखते, जी पिसे राखत नाहीत.

मान हा सर्वांना विसरलेला दरवाजा. तेथून शिरलेला वारा छातीवर उतरतो. पण लांब मफलर गुंडाळून त्याची टोके मागे सोडणे जिवावर बेतू शकते. प्रसिद्ध नर्तकी इसाडोरा डंकन हिचा १९२७ मध्ये फ्रान्समधील नीस येथे मोटारीच्या चाकात गळ्यातली ओढणी अडकून अंत झाला. आपल्याकडे पदर व ओढणीसाठी मागील चाकाला जाळी लावण्याचा नियम आहे, तो याच भयापोटी. पण जाळी चाकाचा काही भागच झाकते. शाल पांघरून मागे बसणाऱ्या आजींची शाल कमरेशी खोचून वर जाकीट घालावे. गळ्यासाठी नळीसारखे शिवलेले कापड मिळते, त्याला टोकेच नसतात. हेल्मेटच्या आत जाड विणीची माकडटोपी घालू नये. त्याने हेल्मेट डोक्यावर पक्के बसत नाही आणि मग त्याचा उपयोगच उरत नाही; पातळ, ताणली जाणारी टोपी पुरते. श्वासाने काच धुरकटते. त्यावर आतून साबणाचा हलका हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसून घेतल्यास तासभर तरी निभावते. चष्मा असणाऱ्यांनी काच बोटभर उघडी ठेवावी.

एक दृश्य मात्र दर हिवाळ्यात पाहून मन कळवळते. सकाळच्या शाळेला निघालेला चार-पाच वर्षांचा मुलगा वडिलांच्या पुढे, टाकीवर बसलेला असतो. वडिलांना थंडी वाजत नाही, कारण वारा मुलगा अडवत असतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे असते, म्हणून त्याची ऊब आपल्याहून लवकर उडते; आणि तो स्वतः हातपाय हलवून ती भरूनही काढू शकत नाही. ‘मला तर काही थंडी लागली नाही’ हे वडिलांचे म्हणणे खरे असते आणि म्हणूनच ते फसवे असते. मुलाला मागेच बसवावे. चार वर्षांच्या आतील बालकांसाठी २०२२ मध्ये नियम झाला आहे: त्यांना मोठ्यांच्या अंगाशी बांधणारा पट्टा व त्यांच्या मापाचे हेल्मेट हवे आणि वेग ताशी ४० च्या आत. चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट कायद्यानेच आवश्यक आहे. पहाटे देरासरात वा स्थानकात पोहोचवायच्या वृद्धांचेही असेच. उतारवयात थंडीची जाणीव बोथट होते, गारठ्याने रक्तदाब मात्र चढतो. ज्यांना हृदयविकार किंवा दमा आहे, त्यांच्यासाठी त्या आठवड्यांत रिक्षा सांगावी. मधुमेहामुळे ज्यांच्या पावलांची संवेदना गेली आहे, त्यांना पाय गार पडल्याचे कळतच नाही.

उबेचे इंधन अन्न. चौविहार वा रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्याचे शेवटचे अन्नपाणी सूर्यास्तापूर्वी, म्हणजे पौषात सहाच्या आत झालेले असते. तो पहाटे साडेसहाला गाडी काढतो तेव्हा पोट बारा-तेरा तास रिकामे असते. अंगाची शेगडी मंद असताना वाऱ्याला तोंड देणे अवघड जाते. व्रत मोडण्याचा प्रश्नच येत नाही. प्रश्न निघण्याच्या वेळेचा आहे. दिवसातले नीचांकी तापमान मध्यरात्री नसते, ते सूर्योदयाच्या आगेमागे असते, आणि त्यानंतर पारा चढू लागतो. नवकारशी येते सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी. तेवढे थांबून, पच्चक्खाण पारून, सुंठ घातलेले गरम दूध आणि खाखरा घेऊन निघणाऱ्याला पोटात ऊब मिळते, हवा चढती मिळते, उजेड मिळतो आणि धुकेही बरेच विरलेले असते. लिलाव काही सूर्योदयाबरोबर सुरू होत नाहीत. पुष्कळांची पहाटेची घाई सवयीची असते. ज्यांना खरोखरच लवकर निघावे लागते, त्यांच्या आदल्या संध्याकाळच्या ताटात बाजरीची भाकरी, तूप-गूळ, तीळ असे सावकाश पुरणारे अन्न असावे. तंबाखूने ऊब येते, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे. तिच्यातील निकोटीन कातडीच्या रक्तवाहिन्या आणखी आखडते.

वाटेचाही अभ्यास असावा. थंड हवा जड असल्याने पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि नदीकाठी, ओढ्यांच्या खोलगट भागात, पाटाच्या पाण्याने भिजलेल्या शेतांत साचते. कादवेच्या किंवा गोदेच्या पुलावर गाडी उतरताच एकाएकी चेहऱ्याला गारठा भिडतो तो यामुळे. धुकेही तेथेच दाट असते. अशा जागी पोहोचण्यापूर्वीच वेग उतरवावा.

मुक्कामी पोहोचल्यावरची दोन पथ्ये. बधिर हात एकदम शेकोटीवर किंवा कढत पाण्यात धरू नयेत. चटका बसल्याचे कळत नाही आणि फोड आल्यावर समजते. काखेत धरावेत किंवा कोमट पाण्यात बुडवावेत. आणि शटर अर्धे ओढून घेतलेल्या गोदामात कोळशाची शेगडी कधीही पेटवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप आल्यासारखे वाटते आणि तो उठत नाही. शेगडी हवीच असेल तर ती ओट्यावर, उघड्यावर.

पेढीवरच्या माणसांचा विषय शेवटी आला, तरी महत्त्वाने तो शेवटचा नव्हे. वसुलीला, नमुने पोहोचवायला, मालाची चिठ्ठी घेऊन सर्वांत आधी जो निघतो तो बहुधा मालकाचा मुलगा नसतो. तो महिन्याच्या पगारावरचा मुलगा असतो. त्याचे हेल्मेट फुटक्या काचेचे आणि मोजे नसलेलेच असतात. दिवाळीला आपण मिठाईचा पुडा आणि बोनस देतोच. त्याबरोबर चांगल्या हातमोज्यांचा एक जोड, वारा अडवणारे जाकीट आणि आयएसआय चिन्हाचे हेल्मेट दिले, तर त्याचा खर्च पेढीच्या वहीत ठळक दिसावा इतका नसतो. निवड त्यालाच करू द्यावी. मापात न बसलेले मोजे खुंटीवर राहतात. कडाक्याच्या आठवड्यात त्याची वेळ तासभर पुढे ढकलणे तर बिनखर्चाचे आहे.

दुपारी त्याच रस्त्यावर ऊन चटके देऊ लागते आणि सकाळचा हा सारा संसार अंगाला जड होतो. म्हणून डिकीत किंवा मागे बांधलेल्या पिशवीत त्याची जागा ठरलेली असावी, नाहीतर तो दुकानात राहतो आणि संध्याकाळी परतताना, सूर्य मावळताच पारा भरभर उतरू लागतो तेव्हा, नेमका हाताशी नसतो. हातमोजे घामाने आतून ओले होतात. रात्री ते उलटे करून दोरीवर टाकावेत. तव्यावर किंवा गिझरवर वाळवू नयेत, आतला भराव वितळून कडक होतो.